झाडाचा वाटा

मुलीकडे इंग्लंडला गेले होते. तिची शेजारीण मार्गारेट सफरचंदाचा रस आंबवून सायडर करते. ही दारू तिच्या घरात पणजोबांपासून होते. जानेवारीतल्या एका दुपारी तिने भाजलेला पाव सायडरमध्ये बुडवला आणि बागेतल्या सर्वांत जुन्या झाडाच्या बेचक्यात ठेवला. यानं म्हणे पुढच्या हंगामात बाग लगडते. मला गंमत वाटली. आपणही गंगेचंच पाणी ओंजळीत घेऊन गंगेला अर्घ्य देतो की!

"हे झाड भरपूर फळत असेल, नाही?" मी विचारलं.

"छे! कधीचंच थांबलंय."

"मग मान यालाच का?"

"बाकीची सगळी याचीच कलमं आहेत," म्हणत तिनं माझ्या हातात पेला दिला.

मी आजवर दारूला शिवले नव्हते. एक घोट घेतला आणि उरलेली सायडर त्या झाडाच्या मुळाशी ओतली.