कुणाच्या खाचरातलं?

यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी उत्रोलीत वाण म्हणून आंबेमोहराचं बियाणं वाटलं. पुडी हातात घेताच शेजारच्या काकूंनी विचारलं, “कुणाच्या खाचरातलं गं?” आमच्याकडं हे विचारल्याशिवाय कुणी बियाणं घरात नेत नाही.

पुढं भोरला भाताच्या बियाण्यावर सभा झाली, तिथं आम्ही गावच्या बायकांनी मागणी केली, की जनुकं बदललेल्या भाताचे नियम सैल करू नका, निदान पिशवीवर तसं छापा. व्यासपीठावरचे कृषी खात्याचे साहेब हसले. “ताई, भात तो भातच. छापलं तर लोक उगाच घाबरतील.”

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, “घाबरायचं का न्हाई ते आमी ठरवू. पुडीभर वाण देताना मला खाचर सांगावं लागतं, साहेब. तुमी तर अख्ख्या देशाच्या ताटात वाढताय.”