आधी शिडीनं उतर

"आता शिडीनं खाली ये."

वर फळीच्या टोकाला पोरगं उभं असायचं. तळ्याच्या पायऱ्यांवर निम्मी शाळा जमलेली असायची, आणि आमचे सर गळ्यातला टॉवेल सावरत, बोटाने जमीन दाखवत, हे वाक्य म्हणायचे. आवाजात राग नसे. घरातली मोठी माणसं जेवायला हाक मारतात तसा तो आवाज असायचा. पोरगं गोंधळून जायचं. सगळ्यांना दाखवून उडी मारायची म्हणून ते वर चढलेलं, आणि हा माणूस त्याला परत बोलावतोय.

"सर, मी मारतो ना उडी!"

"मारशील रे. आधी उतर."

बोळिंजच्या वाटेवरची आमची शाळा तेव्हा लहान होती. सत्तरचं दशक संपत आलेलं. सर खेळ शिकवायचे आणि चित्रकलेला कोणी नव्हतं म्हणून चित्रकलाही शिकवायचे. त्यांच्या हातून आंबा, वांगं आणि कलश ही तिन्ही चित्रं एकाच आकाराची येत, तो भाग सोडा. माणूस गोल, पोट सुटलेला, डोक्याला टक्कल. खेळाचे सर असे असतात का, असं कोणीही पहिल्यांदा बघणारा म्हणायचाच. मीही म्हटलं होतं. गळ्यात शिट्टी होती, पण ती वाजवलेली मी कधी ऐकली नाही. "शिट्टी कुत्र्याला मारायची. मानसाला नाव असतं," असं ते म्हणायचे. नायगावच्या मिठागरांकडचे होते ते. शाळेत इतकी वर्षं काढली, पण त्यांचं 'पानी' काही 'पाणी' झालं नाही.

पोहण्याचा हौद वगैरे चैन आमच्याकडे नव्हती. गावाचं तळं होतं, दगडी पायऱ्यांचं, आणि त्याच्या एका काठाला सरांनी होड्या बांधणाऱ्या सुताराकडून लाकडी मचाण करून घेतलं होतं. त्याला एक खालची फळी, एक वरची, आणि मागून चढायला शिडी. खाली दोन पुरुष खोल पाणी, हिरवट, ज्यात वीतभर खालचंही काही दिसायचं नाही. एवढ्यावर आमच्या शाळेचा पोहण्याचा आणि सूर मारण्याचा संघ उभा होता.

संघात मुली आल्या तेव्हा मुख्याध्यापकांनी मला बोलावून सांगितलं, "बाई, तुम्ही तिथे बसत जा." मी भूगोल शिकवायचे. जगातल्या सगळ्या नद्या मी फळ्यावर काढल्या होत्या, पण घोट्याच्या वर पाण्यात कधी गेले नव्हते. म्हणून मी वह्या तपासायला घेऊन सगळ्यात वरच्या पायरीवर बसायचे, आणि तिथून मला सरांचा कारभार रोज दिसायचा.

संघात यायचे नियम त्यांनी कुठे लिहून लावले नव्हते, पण गावातल्या प्रत्येक घराला ते पाठ होते. डोक्याला तेल लावून यायचं नाही, कारण त्याच तळ्यावर बायका धुणं धुवायच्या आणि पाण्यावर तवंग आला की सरांच्या नावाने बोटं मोडायच्या. या नियमावरून किती आज्या शाळेत भांडायला आल्या म्हणून सांगू! तेल न लावता पोरीला घराबाहेर काढायचं म्हणजे काय, असं त्यांचं म्हणणं. सर हात जोडून ऐकून घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशी पोरीच्या डोक्यावर बोट फिरवून बघायचे. येण्याआधी भात खायचा नाही, एक केळं चालेल. केळ्याला आमच्याकडे काय तोटा! वाडीतल्या बावखलात, म्हणजे बागेच्या शिंपण्यासाठी खणलेल्या डबक्यात, पोहायला शिकलेली पोरं छाती फुगवून यायची, त्यांना सर सगळ्यात जास्त रखडवायचे. "तू पोहतोस चांगला. थांबायला येतं का ते बघू," म्हणायचे.

आणि मग तो शिडीचा नियम. वरच्या फळीवरून सूर मारायला शिकायचं असेल तर पहिल्या दिवशी वर जायचं, टोकाला उभं राहायचं, खाली बघायचं, आणि सगळ्यांच्या देखत शिडीने परत यायचं. हसणाऱ्याला आठवडाभर तळ्यावर बंदी. पुढेही कधी कोणी वर जाऊन परत फिरलं, तर सर लगेच आपला लांब बांबू उचलायचे आणि फळीखालचं पाणी मोजायला लागायचे. सकाळी मोजलेलं असलं तरी पुन्हा. सगळ्यांचे डोळे मग बांबूकडे जायचे आणि उतरणाऱ्या पोराकडे कोणाचंच लक्ष राहायचं नाही. ही त्यांची युक्ती आहे हे कळायला मला बरेच महिने लागले. तुम्ही पायरीवर असतात तर कदाचित आधी ओळखली असतीत.

मला तो नियम खुळचट वाटायचा. एकदा मी म्हटलंसुद्धा, "सर, चढायला शिकवा, उडी मारायला शिकवा. उतरायला काय शिकवायचंय?"

"बाई, चढलेल्याला उतरायची लाज वाटते," ते म्हणाले. "लाजेपायी मारलेली उडी मी एकदा बघितली आहे. पुन्हा नको."

काय बघितलं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

माझी शैला आठवीत गेली आणि हट्ट धरून बसली, मलाही सूर मारायचाय. आमच्या सासूबाईंनी दोन दिवस अबोला धरला. हे म्हणाले, "तू तिथे असतेसच, मग काय!" पण सरांचा आणखी एक नियम होता, की आईने स्वतः येऊन सांगायला हवं. बाप चटकन हो म्हणतात, असं त्यांचं मत. मी तर रोज तिथेच बसलेली. तरी त्यांनी मला वह्या खाली ठेवायला लावल्या आणि मचाणापाशी उभं केलं.

"आता तुम्ही बाई नाही, आई. एकच विचारतो. पोरगी घाबरून खाली आली, तर घरात कोनी हसेल?"

"नाही," मी जरा फणकाऱ्यानेच म्हणाले.

"सासूबाई?"

"त्या खूश होतील!"

सर खो खो हसले आणि शैला संघात आली. काही महिन्यांत ती वरच्या फळीवरून इतका सुरेख सूर मारायला लागली की पाणी जेमतेम उडायचं. मी मात्र प्रत्येक वेळी डोळे मिटून घ्यायचे.

शाळेच्या कमिटीला हे पटत नव्हतं. अध्यक्ष जुन्या बागायतदार घरातले, शब्दाला वजन असलेले. मुलींनी पोहावं इथवर ठीक, पण मचाणावरून उड्या कशाला, असं ते उघड बोलायचे. शेवटी ठरलं, की स्नेहसंमेलनाच्या दिवशी तळ्यावर प्रात्यक्षिक होईल, कमिटी बघेल, आणि मुलींचा सूर चालू ठेवायचा की बंद करायचा ते त्यानंतर सांगेल. शैलाने महिनाभर दुसरं काही डोक्यात घेतलं नाही. बंद झालं असतं तर पोरगी आतून मोडली असती, हे मला दिसत होतं.

तो दिवस उजाडला. सरांनी सकाळीच बांबू घालून पाणी मोजलं आणि ते मुलांना रांगेत उभं करायला शाळेत गेले. त्यानंतर आले सजावटवाले पालक. आमच्या भागात केळीच्या खांबांशिवाय कुठलं शुभकार्य होत नाही. दोघा-तिघांनी वाडीतून खांब आणले, ते बांधून तराफा केला, त्यावर झेंडू आणि सोनचाफा रचला आणि तळ्यात सोडला. दिसत होता फार छान. वाऱ्याने तो हलायला लागला म्हणून मचाणापुढे तळात एक बांबू ठोकून त्याला बांधला. बांबूचं टोक पाण्यावर दिसतं ते बरं नाही, म्हणून होडीत उभं राहून ते पाण्याखाली जाईपर्यंत ठोकलं. किती निगुतीने काम केलं बघा!

सर परत आले आणि फळीसमोर तराफा बघून ओरडले, "हा आधी पलीकडं न्या!" पालकांनी घाईघाईने दोर कापला आणि तराफा पलीकडच्या काठाला ओढून नेला. बांबूचं कोणी बोललं नाही. दोर कापला की काम संपलं, असंच त्या बिचाऱ्यांना वाटलं. तेवढ्यात पाहुणे आले, लाउडस्पीकर लागला, आणि कार्यक्रम सुरू झाला.

लहान मुलांनी पोहून दाखवलं. टाळ्या झाल्या. मग वरच्या फळीसाठी पहिलं नाव पुकारलं, शैलाचं. तिच्यानंतर अध्यक्षांचा नातू होता.

शैला शिडी चढली. भावाची हाफपँट, आत खोचलेला शर्ट, घट्ट वेणी. टोकाला जाऊन उभी राहिली. सरांनी हात वर केला. मी डोळे मिटले.

पाण्याचा आवाज येईना.

मी डोळे उघडले तर ती तशीच उभी. सरांनी पुन्हा हात केला. शैलाने खाली बघितलं, मग गर्दीकडे बघितलं, मग ती वळली आणि शिडीने खाली उतरायला लागली.

आमची मुलं गप्प होती, त्यांना नियम माहीत होता. पण बाहेरून आलेल्या टारगट पोरांनी शिट्ट्या मारल्या. अध्यक्ष शेजारच्या पाहुण्याला म्हणाले, "मी हेच म्हणत होतो." ते सगळ्यांना ऐकू गेलं. माझे कान तापले. संपलं सगळं, असं वाटलं, आणि खरं सांगते, त्या क्षणी मला पोरीचा रागही आला.

सरांनी मात्र बांबू उचलला होता.

"अहो, सकाळी मोजलंत ना? पुढचा मुलगा घ्या!" अध्यक्ष म्हणाले. नातू शिडीला हात लावून उभा होता.

"एक मिनिट," सर म्हणाले आणि नेहमीसारखा बांबू पाण्यात घातला. इकडे घातला, तिकडे घातला. फळीच्या बरोबर समोर त्यांचा बांबू वीतभर खाली जाऊन कशावर तरी अडला. त्यांनी पुन्हा दाबला. पुन्हा अडला. सरांचा चेहरा मी त्याआधी आणि त्यानंतर कधी तसा पाहिला नाही.

ते अंगावरच्या कपड्यांनिशी पाण्यात गेले. बुडी मारली, वर आले, म्हणाले, "दोर आना." चार मोठ्या मुलांनी ओढून तो बांबू बाहेर काढला आणि पायरीवर टाकला. ठोकून ठोकून त्याचं टोक फाटलं होतं आणि त्याच्या चिरफळ्या सुरीसारख्या उभ्या होत्या.

अध्यक्ष उठले, मुकाट्याने नातवापाशी गेले आणि त्यांनी त्याचं मनगट घट्ट धरलं. ज्याने बांबू ठोकला होता तो पालक मटकन खाली बसला आणि तोंडावर दोन्ही हात घेऊन रडायला लागला. सर निथळत त्याच्यापाशी गेले, त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "काका, तुम्ही फुलं वाहिलीत हो. तराफा हलल्यावर मोजायचं काम माझं होतं."

मग ते शैलाकडे वळले. "तुला दिसला होता?"

"नाही सर."

"मग?"

"भीती वाटली. एवढी माणसं बघून." ती रडवेली झाली. "सॉरी सर."

सरांना हसू आलं. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ओल्या टॉवेलने ते पुसता येईना. मी तोवर पायरीवरून उठले नव्हते. शैला आपणहून माझ्यापाशी आली आणि मी तिला ओल्या अंगानिशी मांडीवर ओढली. आठवीतली पोरगी, सगळ्या शाळेसमोर. तिला लाज वाटली असेल, पण मी सोडली नाही. तिच्या पाठीवरून हात फिरवताना मला आत इतकं मोकळं मोकळं वाटत होतं की समोर काय चाललंय ते कळतच नव्हतं.

कमिटीने मुलींचा सूर बंद केला नाही. विषयच कोणी काढला नाही. उलट पुढच्या वर्षी अध्यक्ष स्वतः आपल्या नातीला घेऊन आले, तर सरांनी त्यांना परत पाठवलं, "आईला पाठवा," म्हणून.

सर निवृत्त झाले, नायगावला गेले, आणि काही वर्षांनी गेलेही. आम्हाला कळलं तेव्हा दिवस उलटून गेले होते, त्यामुळे शेवटचं दर्शन राहूनच गेलं. पण मला ते दिसतात ते त्या संमेलनानंतरच्या सकाळचे. मी शैलाला घेऊन तळ्यावर गेले, तर सर आमच्या कितीतरी आधी पाण्यात उतरलेले. एवढं पोट घेऊन तो माणूस पुन्हा पुन्हा बुडी मारत होता, हाताने तळ चाचपत होता आणि वर येऊन चिखल, करवंट्या, गंजलेला डबा असं काहीबाही काठावर फेकत होता. ओठ थंडीने काळे पडले होते. मचाणाखालची सगळी जागा हाताखालून गेल्यावर ते बाजूला सरले, काठाच्या दगडाला धरून राहिले आणि वर बघून म्हणाले, "शैला, तुझं तू ठरव."

ती चढली. टोकाला थोडी थांबली. या वेळी मी डोळे उघडे ठेवले. तिने हात जोडले आणि सूर मारला, पाणी मिटलं, आणि ती आत, ती आत, ती आतच. मग पलीकडे तिचं डोकं वर आलं, तिने तोंडावरचं पाणी उडवलं आणि ती हसली.

सर तिच्याकडे बघतच नव्हते. ते पाण्यातून माझ्याकडे बघत होते.

"बाई," ते म्हणाले, "सोडा आता श्वास."