मागे घेतलेले आभार

माझ्या मावशीला आभार मानायचं व्यसन होतं. व्यसनच म्हणते, कारण त्याचा त्रास आधी घरच्यांना होतो. बसमधून उतरायची वेळ झाली की ही बाई मागच्या दाराने निमूट उतरायची सोडून पार पुढे ड्रायव्हरपर्यंत जायची. "वळणावर गाडी हळू घेतलीत, फार बरं वाटलं. माझी कंबर धरलीय ना." मागे माणसं खोळंबलेली, आणि मी पायरीवर उभी राहून दुसरीकडेच बघतेय, जणू हिची-माझी ओळखच नाही.

नुसतं 'धन्यवाद' तिला चालायचं नाही. "ती दुकानाची पाटी झाली ग, येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना तीच," असं म्हणायची. आभार मानायचे तर कुणाचे आणि कशाबद्दल ते सांगून, तेही चार लोकांच्या कानांवर जाईल असे. शिवाय त्या माणसाची एखादी बारीकशी गोष्ट त्यात हवीच. आपल्याकडे कुणीतरी नीट पाहिलं, हे त्याला कळायला नको का?

याला कारण होतं. स्वतःची लॉन्ड्री टाकण्याआधी मावशी एका मोठ्या हॉस्पिटलच्या तळघरात चादरी धुवायची. वर माणसं बरी होऊन घरी जायची, डॉक्टरांचे हात हातात घेऊन रडायची. खाली नुसत्या चादरी यायच्या आणि जायच्या. एकदा कधी नव्हे ती एक सिस्टर जिना उतरून खाली आली आणि सगळ्या बायकांसमोर म्हणाली, "उशीच्या अभ्र्याची शिवण आत घेऊन घडी घालते ती कोण? तू का? माझ्या पेशंटच्या गालाला टोचत नाही हो. बरं केलंस." बस, एवढंच. पण मावशीने ही गोष्ट मला इतक्या वेळा ऐकवलीय की त्या सिस्टरच्या चपलांचा रंगसुद्धा मला पाठ आहे.

आमची लॉन्ड्री म्हणजे रस्त्याकडेला एक लांबट खोली. पुढे काउंटर, तिथे मी. मागे कपडे धुवायची दोन मशीन, एक मोठं नि एक लहान, एक ड्रायर, आणि खिडकीखाली इस्त्रीचं टेबल, तिथे मावशी. वाफेने भिंतीचा रंग दरवर्षी सोलतो आणि मावशी दरवर्षी रंगाऱ्याचे तोंडभर आभार मानून तोच रंग पुन्हा लावून घेते.

लॉन्ड्रीवाल्यांच्या ऑनलाइन कट्ट्यावर तिला मीच घातलं. कुठला डाग कशाने जातो, मशीनचा कुठला बेल्ट टिकतो, असल्या गप्पा तिथे चालतात. सगळे टोपणनावाने लिहितात. पण त्या कट्ट्यावर 'आभाराचा फळा' नावाचं एक पान होतं. कुणी मदत केली की तिथे जाऊन सगळ्यांना दिसेल असे आभार लिहायचे. मग काय, मावशीला घबाडच मिळालं! चष्मा नाकावर ओढून, एका बोटाने टाइप करत ती रोज कुणाचे ना कुणाचे आभार मानायची. कट्ट्याचा ॲडमिन, तो एक ड्रायक्लीनर होता, त्याने शाईचा डाग काढायची रीत सांगितली, तर हिने लिहिलं, "तुम्ही आधी कापड कुठलं ते विचारलंत आणि मगच उत्तर दिलंत, त्यावरून तुमची दुकानदारी कशी असेल ते कळलं." कट्ट्यावर तिला सगळे 'आभारमावशी' म्हणायला लागले. मी नाक मुरडायची, पण तिच्या आभारांची लोक वाट बघायचे, हे कबूल करायला हवं.

आणि मग आमचं मोठं मशीन अडून बसलं. लाल दिवा लागला आणि दार उघडेना. आत नर्सिंग होमच्या चादरी, भिजलेल्या. मशीनच्या कंपनीला फोन केला तर बाई गोड आवाजात म्हणाली, आतला इलेक्ट्रॉनिक बोर्ड बदलावा लागेल, माल यायला वेळ लागेल. तेवढ्या वेळात नर्सिंग होमचं काम दुसरीकडे गेलं असतं, आणि त्या कामावरच आमचं दुकान उभं होतं.

कंपनीचा मेकॅनिक आला. गेली काही वर्षं तोच यायचा. कमी बोलणारा, मधल्या वयाचा, घरी म्हातारे वडील आणि शाळेतली मुलगी. त्याने मागचं झाकण उघडून पाहिलं, पुन्हा लावलं, हात पुसले.

"मावशी, बोर्ड चांगला आहे," तो हळू आवाजात म्हणाला. "सर्व्हिसिंग लांबलं की मशीन स्वतःच बंद पडतं, तसं कुलूपच कंपनीने आत घातलंय. ते कसं उघडायचं मला माहितीय. पण सांगायची परवानगी नाही. कळलं तर नोकरी जाईल."

"मग नका सांगू, भाऊ," मावशी म्हणाली. "तुमच्या पोटावर पाय देऊन मला चादरी धुवायच्या नाहीत."

तो गेला. संध्याकाळी कट्ट्यावर मावशीला कुणा 'कोरडे हात' नावाच्या माणसाचा खाजगी निरोप आला. कुठली दोन बटणं दाबून धरायची आणि मेन स्विच कधी चालू करायचा, एवढंच त्यात होतं. मावशीने तसं केलं. लाल दिवा विझला, दार खट् करून उघडलं. चादरी वेळेवर गेल्या.

आता इथे कुणीही शहाणं माणूस गप्प बसलं असतं. मावशीनेही प्रयत्न केला. दोन-तीन दिवस ती पोटात दुखत असल्यासारखी हिंडली. शेवटी फळ्यावर लिहिलंच, आणि मला वाचून दाखवलं. "बघ, किती जपून लिहिलंय. नाव नाही, गाव नाही, काही नाही."

नाव खरंच नव्हतं. लिहिलं होतं ते असं: "कुलूप लागलेलं मशीन उघडायची युक्ती सांगून ज्या भाऊंनी माझं दुकान वाचवलं, त्यांचे मनापासून आभार. त्यांना अडचण नको म्हणून नाव घेत नाही. पण एवढं सांगते, हात पुसून झाल्यावर फडक्याची शिवण आत घेऊन चौपदरी घडी घालणारा मेकॅनिक मी दुसरा पाहिलेला नाही."

मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. घडी कशी घातलीय हे लॉन्ड्रीवालीशिवाय कुणाच्या लक्षात येतंय?

पुढच्या सर्व्हिसिंगला दुसराच मेकॅनिक आला, तरुण आणि बडबड्या.

"आमचे भाऊ कुठायत?" मावशीने विचारलं.

"त्यांना घरी बसवलंय. चौकशी चाललीय." तो वर न बघता म्हणाला. "तो कट्टा आमचे साहेब वाचतात. तुमच्यासारख्याच कुणा बाईने लिहिलं होतं. आम्ही सगळे फडकी हत्यारांच्या डब्यात कोंबतो हो. घडी घालतो तो एकटाच. यावरून आम्ही त्याला चिडवायचो, साहेबांनापण माहितीय. भाऊ तर नाहीच म्हणतायत, बघू आता."

मावशीच्या हातात इस्त्री होती. ती तिने उभी करून ठेवली आणि स्टुलावर बसली. तो पोरगा गेला तरी उठली नाही. मी म्हटलं, "मावशी, ते काढून टाकू फळ्यावरून." आणि म्हणता म्हणताच माझी मला चूक कळली. आत्ता काढलं म्हणजे तोच होता असं सांगितल्यासारखंच. माफी मागावी तर तेही तेच. जे काही करू ते त्याच्याच अंगाशी येणार होतं.

"माझी जीभ झडली असती तर बरं झालं असतं," ती म्हणाली. "त्याने मला आधी सांगितलं होतं ग. नोकरी जाईल म्हणाला होता. आणि मी त्याचं कौतुक करायला गेले. त्याचं का माझं, कुणास ठाऊक."

पुढे बरेच दिवस ती जेवली म्हणजे ताटावर बसून उठली. कंपनीचे लोक कट्टा वाचतात ही बातमी तोवर कट्ट्यावर पोचली होती. कुणामुळे कोण अडकलं ते कुणाला माहीत नव्हतं, पण ॲडमिनने प्रश्न टाकला: आभाराचा फळा ठेवायचा की बंद करायचा? धुमश्चक्री झाली. एक म्हणे, आभार मिळतात म्हणून तर लोक उत्तरं देतात, नाहीतर फुकट डोकं कोण चालवतो? दुसरा म्हणे, म्हणूनच लोक घाईघाईत चुकीची उत्तरं देतात. एकीने लिहिलं, "आभार मनात मानावेत." त्यावर दुसरीने लिहिलं, "मनातले आभार मला आजवर पोचलेले नाहीत." आणि सगळ्यांचं एकच टुमणं: आभारमावशी काय म्हणतात? मावशी सगळं वाचायची आणि फोन उपडा ठेवायची.

एका दुपारी ती मला म्हणाली, "मला सापडलं काय करायचं ते." आणि एका बोटाने लिहायला बसली. मी खांद्यावरून वाचत होते.

"मागे मी एका मेकॅनिकचे आभार मानले होते. ते खरं नव्हतं. मला कुणी काहीही सांगितलं नाही. मशीन आपोआप चालू झालं. लोकांनी वाहवा करावी म्हणून मी गोष्ट रचली." इथे ती थांबली. बराच वेळ बोट नुसतं वर धरून बसली. मग लिहिलं, "घडीचंही माझ्या मनाचंच."

"मावशी, हे टाकू नकोस," मी म्हटलं. "तुझी अब्रू जाईल."

"माझी अब्रू इस्त्री करून पुन्हा नेसता येईल. त्याची नोकरी नाही येणार."

तिने ते फळ्यावर टाकलं. आणि मग जे सुरू झालं त्याने माझा तिळपापड झाला. याच लोकांनी हिला डोक्यावर घेतलं होतं! एक जण म्हणाला, म्हातारपणी शोभतं का? एक म्हणाली, हिच्यामुळे कंपनीने खऱ्या माणसांवर डोळा ठेवला. आणि त्या ड्रायक्लीनरने फक्त एवढंच विचारलं, "मग माझे आभार मानले होते, ते पण खोटेच का?" मावशीने ते वाचून डोळे मिटून घेतले. त्या शिव्यांपेक्षा तिला हेच लागलं. पण उत्तर दिलं नाही. त्याचे आभार खरे म्हटले असते तर मेकॅनिकचेही खरेच, असं लोकांनी ताडलं असतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही कंपनीच्या ऑफिसात गेलो. मावशीने चांगली साडी नेसली होती. साहेब सभ्य माणूस निघाला, खुर्ची दिली, पाणी दिलं. मावशीने पाठ केलेलं सगळं एका दमात सांगितलं. त्याने मला काही सांगितलं नाही, मी खोटं लिहिलं, शिक्षा करायची तर मला करा.

साहेबांनी ऐकून घेतलं. "बाई, काल तुम्ही लिहिलेलं मी वाचलं. पण तो म्हणतो, सांगितलं."

"कधी म्हणाला?"

"परवा. आधी तोही नाहीच म्हणत होता. माझ्याकडे दुसरा काही पुरावा नव्हता, मी प्रकरण मिटवणारच होतो. शेवटचं म्हणून विचारलं, मग ही बाई खोटं लिहिते का? तर जरा थांबला आणि म्हणाला, नाही साहेब, त्या खोटे आभार मानणार नाहीत. मी सांगितलं होतं." साहेबांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "त्याने स्वतःच कबूल केल्यावर मला काही करता येईना. कालपासून तो आमच्याकडे नाही."

मावशी उठली. साहेबांनी तिच्यासाठी दार उघडून धरलं, आणि ती काही न बोलता त्यातून बाहेर पडली. दार उघडून धरलेल्या माणसाशी ती बोलली नाही, असं मी पहिल्यांदाच पाहिलं.

रस्त्यावर आल्यावर म्हणाली, "त्याने माझा शब्द खरा केला, आणि मी तोच काल चार लोकांत खोटा ठरवला. एक दिवस आधी लिहिलं असतं तरी..." पुढे बोलली नाही. मला काहीतरी समजुतीचं बोलायचं होतं, पण मला तेव्हा तिचाही राग आला होता, त्याचाही आणि त्या सज्जन साहेबाचा तर फारच.

परतताना बसमध्ये तोच नेहमीचा ड्रायव्हर होता. वळणावर त्याने गाडी हळू घेतली. आमचा थांबा आला तसा आरशात बघून तो थोडा थांबला. मावशी मागच्या दाराने खाली बघत उतरली. मी तिच्यामागे निघाले तर त्याने मान वळवून मला विचारलं, "काकू रागावल्यात का?" मी तशीच उतरले.

फळा बंद झाला. बहुतेकांनी बंद करा असंच म्हटलं. मावशीने मत दिलं नाही. मला विचाराल तर मी ठेवा म्हटलं असतं. पण मग मशीनवर एखादं फडकं पडलेलं दिसलं की तेही म्हणवत नाही.

त्याच आठवड्यात 'कोरडे हात'चा निरोप आला, खाजगी. मावशीने चष्मा लावून वाचला आणि फोन माझ्या हातात दिला. "मावशी, फळ्यावर तुम्ही लिहिलेलं वाचलं. माझ्यासाठी स्वतःला खोटं म्हणवून घेतलंत. मी मिक्सर, पंखे दुरुस्त करायला सुरुवात केलीय, काळजी करू नका. शिवण आत घ्यायची हे मी तुमच्याच टेबलावर बघून शिकलो होतो. आभारी आहे."

मावशी इस्त्रीच्या टेबलाला धरून उभी होती. रडत नव्हती, पण रडली असती तर मला सोपं गेलं असतं.

"काहीतरी लिही ना त्याला," मी म्हटलं.

तिने फोन घेतला. बोट वर धरलं. मग फोन टेबलावर ठेवून दिला.

"अगं, हे खाजगी आहे. तुला आणि त्यालाच दिसणार."

"नको ग," ती म्हणाली. "कुणीतरी वाचेल."