परसोंपासूनची नोकरी

"हौ बाई, बराबर आहे तुमचं," असं ते म्हणाले की मी ओळखायचे, आता आपलं काही खरं नाही. त्या 'हौ'च्या पाठोपाठ 'मगर' यायचाच. मान डोलवायची, हसायचं, खिशातल्या पेनाचं टोपण काढायचं आणि म्हणायचं, "मगर बाई, कायदा असा आहे."

ते आमच्या भागाचे लेबर इन्स्पेक्टर. घर गौलीगुड्यात. घराणं मूळचं मराठवाड्याकडचं, निजामाच्या काळात इथे हैदराबादेत आलेलं, म्हणून मराठी आमच्यासारखीच, अर्धी दखनीत भिजलेली. आणि मी काचीगुडा स्टेशनजवळ एक छोटं कुरियर ऑफिस चालवायचे. यजमान बँकेत, धंदा माझा. देशाची दारं उघडली असं पेपरवाले लिहीत होते, त्या दिवसांतली गोष्ट. गल्लोगल्ली कुरियरच्या पाट्या लागत होत्या. बेगम बाजारातल्या व्यापाऱ्यांना अचानक सगळंच उद्या सकाळी पोचायला हवं झालं होतं.

पहिल्याच भेटीत त्यांनी मला नको नको करून सोडलं. पाकिटं वाटणाऱ्यांना आठवड्याची सुट्टी कुठल्या वारी? सणाला काय? कुणी आजारी पडला तर?

"अहो, ही माझी घरचीच माणसं आहेत!" मी म्हटलं.

"हौ बाई, बराबर आहे. मगर घरच्या माणसाला तर जास्तच सुट्टी लागते."

चहा मागवला तर "नक्को" म्हणाले. "तुमचा चहा पिला की माझं पेन अडखळतं." आणि थोड्या वेळाने बघते तर काय, कोपऱ्यावरच्या इराण्याकडे माझ्याच माणसांना स्वतःच्या खिशातून चहा पाजत बसलेत! असा राग आला म्हणता. पण तुम्हीच सांगा, अशा माणसावर रागावणार तरी किती वेळ? कुरकुर करत का होईना, पगारी सुट्टी, विमा, फंड, सगळं रीतसर झालं माझ्याकडे.

मग रस्त्यापलीकडे ती मोठी कंपनी आली. काचेचं दार, कॉम्प्युटर, आणि दर माझ्या जवळजवळ निम्मा. मी चक्रावलेच. पेट्रोल तेच, रस्ते तेच, बाजारातले जिने तेच, मग यांना परवडतं कसं? उलगडा केला खाजाभाईंनी. हे त्यांच्याकडचे पाकिटं वाटणारे, वयस्कर, बाजारात माझ्या माणसांबरोबरच फिरायचे. "हम नौकर नइं अम्मा, हम एजंट हैं. मालिक ऐसाच बोलते," असं ते मोठ्या कौतुकाने सांगायचे. एजंट म्हणजे काय, तर सुट्टी नाही, विमा नाही, फंड नाही. ताप आला म्हणून घरी राहिला की दुसऱ्या दिवशी बॅग दुसऱ्याच्या खांद्यावर. सगळा स्वस्ताईचा चमत्कार तो एवढाच.

माझं एकेक गिऱ्हाईक रस्ता ओलांडून जायला लागलं. यजमान म्हणाले, "एक तर आपल्या माणसांनाही एजंट कर, नाहीतर कुलूप लाव." दोन्ही माझ्याच्याने होईना. आणि नेमके त्याच दिवशी इन्स्पेक्टर दारात उभे. मग काय, माझ्या तोंडाचा पट्टा सुटला.

"तुमचा कायदा मी पाळते, आणि न पाळणारा माझं गिऱ्हाईक घेऊन जातो! चोर सोडून संन्याशाला सुळी! आता दुकान बंद करून पाळू का तुमचा कायदा?" बोलता बोलता मला रडूच कोसळलं.

"हौ बाई," ते म्हणाले. "बराबर आहे तुमचं."

मी 'मगर'ची वाट पाहत राहिले. तो आलाच नाही. त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि तडक रस्ता ओलांडून समोरच्या काचेच्या दारातून आत शिरले.

प्रकरण बरंच रेंगाळलं. त्यांना वरून फोन आले, बदलीची भीती घातली, असं नंतर दुसऱ्यांकडून कानावर आलं. शेवटी लेबर ऑफिसात सुनावणी लागली. मी मुद्दाम जाऊन मागे बसले. सुनावणी घेणारे साहेब नवे होते, उत्तरेकडून बदलून आलेले. कंपनीच्या वकिलांचं म्हणणं एकच: ही माणसं नोकर नाहीत, आज येतात, उद्या जातात.

खाजाभाईंना उभं केलं. बोललं तर बॅग जाणार, हे त्यांना कळत होतं.

"यहाँ कब से काम कर रहे हो?" साहेबांनी विचारलं.

"परसों से, साब."

वकील खुदकन हसले. साहेब लिहायला लागले, काम परवापासून. आणि गंमत बघा, मला त्यात काही चुकलंय असं वाटलंच नाही! खाजाभाईंनी खरं तेच सांगितलं होतं. आम्हा हैदराबाद्यांना काय कळणार साहेब कुठे चुकले ते?

पण आमचे इन्स्पेक्टर ताडकन उठले. "साब, एक मिनट. खाजाभाई, तुम्हारी शादी कब हुई?"

"परसोंच हुई, साब."

"बच्चे?"

"चार हैं. बड़ी बेटी की शादी भी परसोंच करा मैं."

अख्खी खोली हसली. साहेब पेन धरून बघतच राहिले. हे हात जोडून म्हणाले, "साब, हमारे हैदराबाद में जो गुजर गया वो सब परसों है. ये बुजुर्ग कंपनी खुली तब से पाकिटां बाँट रहे."

मग साहेबांनी नीट चौकशी केली. बॅग कोण देतं, गल्ली कोण ठरवतं, न आल्यास काय होतं. खाजाभाईंनी एकदा इन्स्पेक्टरांकडे पाहिलं आणि सगळं सांगून टाकलं. निकाल लागला: हे एजंट नव्हेत, नोकरच. पुढे त्या कंपनीचा दर आपोआप माझ्या जवळपास आला. माझी गिऱ्हाइकं सगळी परतली असं नाही, पण पुरेशी परतली. माझं ऑफिस वाचलं, माणसंही वाचली. आज माझ्या घरात जे आहे ते त्यांच्या पुण्याईने, हे मी कुणालाही सांगते.

मी पेढे घेऊन गेले तर म्हणाले, "हौ बाई, खुशी झाली. मगर तुमच्या माणसांच्या रेनकोटांचं काय झालं?" पेढे परत. धन्य तो माणूस!

रिटायर झाल्यावर ते फार दिवस राहिले नाहीत. निरोप आला तशी मी गौलीगुड्यात धावले. घरासमोर ही गर्दी! माझी माणसं होती, समोरच्या कंपनीचीही होती. पायरीशी खाजाभाई उभे होते, कंपनीचा शर्ट घालून. दिवस कामाचा होता. मी घाबरूनच विचारलं.

"खाजाभाई, आज ड्यूटी नइं?"

"है ना अम्मा." त्यांनी बाहीने डोळे पुसले. "छुट्टी डालके आया. तनखा नइं कटती."

आणि ते खांदा द्यायला पुढे झाले.