पात्याची शिट्टी

साल १९९८. मी चोपन्न वर्षांचा होतो आणि आमच्या लाईनीत माझ्या कानाला मान होता. शाळा माझी चौथीत सुटली, सही सोडली तर पेन हातात घ्यायची वेळ फारशी आली नाही. पण लाकूड कापायच्या मशीनचं गोल पातं फिरताना नुसतं ऐकून मी सांगायचो, याचा दात झिजलाय, याचं बेरिंग चाललंय, याचा पट्टा सैल आहे. शहरातल्या द्वारका चौकापासून सातपूरपर्यंतचे मिस्तरी मला बोलावून न्यायचे. मी मशीनजवळ डोळे मिटून उभा राहायचो. ते डोळे मिटणं थोडं दाखवायलाही होतं, आज कबूल करायला हरकत नाही.

माझा धंदा पेट्यांचा. कारखान्यांना माल पाठवायला लाकडी पेट्या लागायच्या, त्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मी आणि पेठ तालुक्याकडचा एक गडी मिळून करायचो. त्या वर्षी उन्हाळा संपता संपता पात्यातून शिट्टी यायला लागली. बारीक, सुईसारखी. लाकूड लावलं की दबायची, मशीन मोकळं फिरलं की पुन्हा वर यायची.

मी शोध घेतला, आणि रीतीनं घेतला. पट्टा काढून मोटर एकटी चालवली. मग वीज बंद करून पातं हातानं फिरवलं, दातांजवळ खिळा धरला आणि कुठं जवळ येतं, कुठं लांब जातं ते पाहिलं. एका बाजूला केसभर डुलत होतं. पातं उतरवलं तर त्याला आवळून धरणाऱ्या चकतीमागं डिंक आणि भुसा मिळून खपली धरलेली. ती खरवडली. दात रॉकेलमध्ये भिजवून तारेच्या ब्रशनं घासले. बेरिंग नवं टाकलं. पातं मी सवयीनं फार वर काढून चालवायचो, ते खाली घेतलं, लाकडाच्या वर जेमतेम दात दिसतील इतकं. ट्रकच्या जुन्या टायरचे तुकडे कापून टेबलाच्या पायांखाली घातले.

आवाज निम्म्यावर आला. मागच्या घरातले रिटायर मास्तर कुंपणावरून म्हणाले, मिस्तरी, आता दुपारी डोळा लागतो बघा. गडी म्हणाला, लय शांत झालं. मी म्हणालो, शिट्टी तशीच आहे. त्याला ती ऐकू येत नव्हती. मास्तरांनाही नाही. मला त्याचं काही वाटलं नाही, उलट बरं वाटलं. प्रत्येकाला माझ्यासारखा कान थोडाच असतो.

मग राहिली एकच गोष्ट, धार. धार लावायचे भद्रकालीतले एक उस्ताद. माझ्याच वयाचे, बापाकडून शिकलेले, हातात कानस घेऊन दातामागून दात असे घासायचे की बघत बसावं. वीस-पंचवीस वर्षं माझं एकही पातं दुसऱ्याच्या हातात गेलं नव्हतं. पण हिशोब सरळ होता. बाकी सगळं मी तपासलं होतं, म्हणजे चूक धारेत होती.

मी निरोप पाठवला आणि उस्ताद स्वतः सायकलवर आले. पातं उतरवलं, उजेडात धरलं, बोट फिरवलं. म्हणाले, दात सारखे आहेत. मी म्हणालो, शिट्टी आहे. ते खाली बसले आणि सगळे दात पुन्हा घासले. मशीन चालू केलं. माझ्या तोंडाकडं बघत उभे राहिले, जसा मुलगा निकालाकडं बघतो.

"आता?" ते म्हणाले.

"आहे अजून."

पुन्हा उतरवलं, पुन्हा घासलं. चांगल्या पोलादाची पूड माझ्या शेडमध्ये पडत होती. तिसऱ्या वेळी मी मान हलवली तेव्हा त्यांनी कानस फडक्यात गुंडाळली.

"मला नाही ऐकू येत ती शिट्टी, मिस्तरी," ते म्हणाले. "पण तुम्ही म्हणता म्हणजे असणारच. हात राहिला नाही माझा."

त्या वेळी मी एक शब्द बोललो असतो तर चाललं असतं. मी गप्प राहिलो, कारण माझंही तेच मत होतं. उलट टपरीवर चहा पिताना चार मिस्तऱ्यांसमोर बोललो की उस्तादांचा हात आता राहिला नाही, नजर गेली असेल बिचाऱ्याची. ते ‘बिचाऱ्याची’ म्हणणं मला आजही टोचतं. माझा शब्द होता, त्यामुळं लोकांनी मानला. अंबडला मशीनवर धार लावून देणारं दुकान नवीन निघालं होतं, पाती तिकडं जायला लागली. आणि उस्ताद भांडायला आले नाहीत. कुणी पातं घेऊन गेलंच तर तेच म्हणायचे, नको, माझ्याकडून बिघडेल. कात्र्या आणि सुऱ्या तेवढ्या घ्यायचे. हे मला कळलं होतं. मी ते माझ्या कानाच्या खात्यात जमा केलं.

खंडेनवमीला आम्ही मशीन धुऊन पुसून पुजतो. त्या दिवशी पात्याला हळदकुंकू, झेंडूची माळ, आणि मशीनला वीज दाखवायची नाही. पूजा झाली, गडी गावाला गेला, मी दुपारी शेडमध्ये खाट टाकून पडलो. आणि शिट्टी ऐकू आली.

मला वाटलं गल्लीत कुणीतरी सणाचं मशीन चालवतंय. राग आला. उठून बाहेर गेलो, या टोकापासून त्या टोकापर्यंत चाललो. सगळ्या शेड बंद, सगळ्यांना माळा. शिट्टी मात्र माझ्याबरोबर चालत होती. परत आलो, पात्यावर तळवा ठेवला. गार. मग कानात बोटं घातली, आवाज बंद व्हावा म्हणून. तो वाढला.

मी तसाच बोटं घालून बसलो. मशीनचा दोष कसा शोधायचा हे मला कुणी शिकवायला नको होतं. एकेक गोष्ट बंद करत जायची, जी बंद करूनही आवाज राहतो तिच्यात दोष नाही. सगळं बंद होतं. मी एकटा चालू होतो.

संध्याकाळी बायकोला सहज विचारल्यासारखं विचारलं, तुला कसली शिट्टी ऐकू येते का. ती दिवा लावत होती.

"नाही. पण तुम्हाला बाकीचंच कुठं ऐकू येतं?"

"म्हणजे?"

"अहो, मी हाका मारून मारून जवळ येऊन हात लावते तेव्हा तुम्ही वळता. वर्ष होऊन गेलं. मला वाटलं तुम्हाला माहीत आहे आणि बोलायचं नाहीये."

मी तिच्यावर ओरडलो. जन्मभर मशीनपाशी उभं राहिल्यावर काय कान बासरीवाल्याचे राहतील, असं काहीतरी. ती दिव्याची वात सारखी करत राहिली, आणि त्यानं मी जास्तच ओशाळलो. मग जवळ येऊन म्हणाली, उस्तादांची बायको भाजीबाजारात भेटली होती. ते दिवसभर घरी बसून असतात म्हणे. स्वतःचाच हात उजेडात धरून बघतात.

ते ऐकल्यावर जेवण गेलं नाही. कान गेला त्याची लाज एक होती, म्हातारपणाची, ती सगळ्यांनाच येते. पण एका माणसानं स्वतःच्या बोटांपेक्षा माझ्या कानावर जास्त भरवसा ठेवला होता, आणि तो कान फुटका होता. शिवाय मी एकदाही म्हणालो नव्हतो की चूक माझ्याकडंही असू शकते. ते माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दसरा. पुजलेलं मशीन संध्याकाळपर्यंत हलवत नाहीत, बायको आडवी आली. मी ऐकलं नाही. सकाळीच माळ काढून बाजूला ठेवली, पातं उतरवलं, पोत्यात गुंडाळून सायकलला बांधलं. आधी टपरीवर गेलो. झेंडू घ्यायला निघालेले तेच मिस्तरी तिथं उभे होते. मी सायकलवरून न उतरताच सांगितलं, उस्तादांचा हात चांगला आहे, माझे कान वाजतात, पाती पुन्हा त्यांच्याकडं न्या. एकजण हसला. हसू दिलं.

मग भद्रकालीत. उस्ताद दारातच बसले होते. माफी हा शब्द माझ्या तोंडातून निघाला नाही, तो कधीच निघत नाही. बंद मशीनपाशी काय झालं तेवढं सांगितलं, सगळं, बोटं घातली तेसुद्धा. पातं त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते उजेडात धरलं, बराच वेळ दातांवरून बोट फिरवलं आणि खाली बघत काहीतरी बोलले. मला कळलं नाही. मी म्हणालो, उस्ताद, जरा मोठ्यानं सांगा.

"यात घासायला आता काही उरलं नाही," ते म्हणाले. "दुसरं घेऊन या."

मी सायकल वळवली आणि दुसरं पातं आणायला घरी गेलो.