वच्छलाबाईंच्या राघूची खुंटी

वच्छलाबाईंना विचारल्याशिवाय मी हे लिहायला घेतलेलं नाही, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पोखर्णीची माणसं म्हणायची, मास्तरीणबाईला शेजारच्या घरात डोकवायची खोड होतीच, आता कागदावरनंही डोकवायला लागली. बाई म्हणाल्या, "लिवा की. पन थोरपन राघूला द्या, मला नगं." राघूला देतेच आहे. बाईंना किती द्यायचं ते माझं मी बघीन.

आमचे हे शाळेत मास्तर. पोलीस ॲक्शननंतर शाळेत उर्दूच्या जागी मराठी आली आणि तिच्या पाठोपाठ आम्ही बदलीवर पोखर्णीला आलो. भाड्याचं घर मिळालं ते वच्छलाबाईंच्या शेजारी. त्यांची ओसरी आणि माझी चूल यांच्यामध्ये एकच मातीची भिंत. त्यांच्या ओसरीवर कुणी बोलता बोलता शिंकलं की मी इकडून "सत्य!" म्हणते. शिवाय मला नकला येतात. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी अर्ध्या गावाचे आवाज काढून दाखवते, आणि ज्यांचे काढते त्यांना ते माहीत असतं. त्यामुळे माझ्याशी सगळे जरा जपूनच बोलतात.

वच्छलाबाईंचं माहेर चारठाण्याचं. ठेंगणी मूर्ती, पायात कायम घाई, कपाळावर ठसठशीत कुंकू. त्यांचे मालक वैजीनाथराव. काळी जमीन, एक बैलजोडी आणि मोठी मिशी, एवढी त्यांची इस्टेट. गावात त्यांना कुणी मालक म्हणतं, कुणी काका, कुणी राव. मी वच्छलाबाईंना बहीण मानते म्हणून त्यांना दाजी म्हणते. दाजी म्हटलं की थट्टेचा हक्क आपोआप मिळतो. दाजी मोठ्यानं कधी हसत नाहीत. हसलेच तर मिशीचं एक टोक हलतं, दुसऱ्याला खबर लागत नाही.

नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही ही आपली रीत. मीही घेत नाही, 'आमचे हे' वर माझा सगळा संसार निघाला. पण वच्छलाबाईंनी ती रीत अशी पाळली होती की बघत राहावं. शेतात हाक मारायची वेळ आली तर त्या बांधावर उभ्या राहून बैलाचं नाव घ्यायच्या. "सर्ज्याऽऽ, ए सर्ज्या!" बैल मान वळवायचा आणि त्याच्यामागून दाजी. मी एकदा विचारलं, "बाई, दोघांतल्या कुनाला बोलावलंत?"

"ज्याला भूक लागली आसंल त्यो येतोय," त्या म्हणाल्या.

आता राघू. चारठाण्याला जुनी दगडी देवळं आहेत, त्यांच्या खोबणींतून राघूंची घरटी. तिथून पडलेलं एक पिल्लू बाईंनी पदरात गुंडाळून गाडीतून पोखर्णीला आणलं. डाळ भिजवून, बोटानं चेचून भरवली. बुरडानं विणलेला बांबूचा पिंजरा राघूनं कुरतडून भुगा केला, तेव्हा दाजी तडक परभणीला गेले आणि लोखंडी तारेचा पिंजरा घेऊन आले. बाईंनी तो चुलीशेजारच्या खुंटीला टांगला. तिथं तो राहिला तो राहिलाच.

छप्पन साल आलं. त्या दिवाळीत आपला सगळा जिल्हा हैदराबादेतून उठून मुंबई राज्यात गेला. माणसं गेली, बैल गेले, गोदावरीसुद्धा गेली, आणि कुणाची चूल तसूभर हलली नाही. इकडे एक पिंजरा खुंटीवरून हलवायचा होता, तो मात्र हलेना.

हलवायचं कारण होतं. त्या वर्षी पाऊस लांबला होता. गवऱ्या ओल्या, कापसाच्या पऱ्हाट्या दमट. चुलीतून धूर निघायचा तो नुसता काळा. राघू पिसं फुगवून बसायला लागला. बोलता बोलता घरघरायचा. चोचीच्या मुळाशी काजळी साठली. पेरूची फोड दिली तर एक टोच मारून खाली टाकायचा.

"हे पाखरू संक्रांत बगत न्हाई," माणिकराव म्हणाले. माणिकराव म्हणजे दाजींचे ओसरीवरचे दोस्त. रोज दिवस कलला की येतात, पान लावतात आणि सगळ्या गावाला पुरतील इतके सल्ले देऊन जातात. त्यांनी बसल्या जागेवरून आत हाळी दिली, "वैनी, पिंजरा हिकडं ओसरीवर आना! तुळईला कडी हाय, वारा हाय, मांजर पोचत न्हाई."

आतून उत्तर आलं, "न्हाई. त्याला हितंच बरं हाय."

"बरं कुटं हाय? खोकायलंय बिचारं."

"मी बी खोकतेच की. मला कोन ओसरीवर टांगायलंय?"

दाजींच्या मिशीचं टोक हललं. पण मग ते उठून आत गेले. तारेतून बोट घालून त्यांनी राघूचं डोकं खाजवलं आणि म्हणाले, "आयकत जा की जरा. मरंल त्ये."

बाईंनी तव्यावरची भाकर उलटली.

त्यांनी काही केलं नाही असं नाही. अंगणातल्या लिंबाला पिंजरा टांगून बघितला, तर वरच्या फांदीवर शिक्रा येऊन बसला. गोठ्यात ठेवला, तर तिथं घुशींचा सुळसुळाट. मग माझ्याकडं आणून ठेवला. माझा बोका पिंजऱ्याखाली मान वर करून असा बसला, जसा काही कीर्तनालाच आलाय. बाईंनी मुकाट्यानं पिंजरा उचलला. पुन्हा चूल, पुन्हा तीच खुंटी. उरली ती ओसरी, आणि ओसरीचं नाव काढलं की बाई बोलणंच बंद करायच्या.

आता शेजारीण एवढ्या गोष्टीवर गप्प बसेल का? एक दिवस मी विस्तव मागायच्या निमित्तानं सरळ चुलीपाशी गेले. बाई माझ्याकडं अर्धी पाठ करून भाकरी थापत होत्या. थप, थप, थप. आणि धुरातून आवाज आला, "वैजू, हात धू. भाकर निवायलीय."

आवाज वच्छलाबाईंचा. पण त्यांच्या तर दातांत पदराचं टोक होतं! मी वर बघितलं. राघू मान तिरपी करून पुन्हा म्हणाला, "वैजू, हात धू."

बाई वळल्या. मी दिसले आणि भाकर त्यांच्या हातातच फाटली.

"आयकलं का तुमी?"

"आयकलं. आन् मी कोन हाय त्ये तुमाला ठावं हाय."

त्या मटकन पाटावर बसल्या. "माझी सासू म्हनायची तसं. ह्याच चुलीपुढून. येवढा मोटा बाप्या, नांगर सोडून पळत यायचा. सासू गेली आन् घरात त्ये नावच उरलं न्हाई बगा. कुनी मालक म्हनतंय, कुनी काका. वैजू कोन म्हनंल? एक दिवशी एकटी होते, म्हनून बगितलं. ग्वाड लागलं. दिसभर 'अवो', 'आयकलं का' करून तोंड आखडतंय व बाई. आन् ह्यो मेला वरी बसून शिकायलाय, मला काय म्हाईत! आता भाकरीची थाप पडली की सुरू."

"मग त्यात येवढं काय?"

"येवढं काय? ओसरीवर चार मानसांत माज्या आवाजात 'वैजू' म्हनला तर? बायकू नवऱ्याला आरंतुरं करायलीय, गावभर होईल. मान त्यांची खाली जाईल. वरून नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य झडतंय म्हनतेत."

"इतकी वर्सं झडायलंय," मी म्हणाले, "आन् दाजींचा सदरा तर दरसाली आखूड पडायलाय!"

त्या हसल्या. हसता हसता राघू वर घरघरला, आणि बाईंचं हसू तिथंच थांबलं. "हितं ठिवला तर मरंल ह्यो, कमलबाई," त्या म्हणाल्या. "मला कळत न्हाई का? पन तितं टांगला तर मी मरंन."

मी कुणाला सांगणार नाही असा शब्द दिला. माझ्यासारखीनं असा शब्द द्यायचा म्हणजे भरल्या पोटावर दंड काढण्यासारखं. पण पाळला.

कापसाची वेचणी सुरू झाली. बाई सकाळीच रानात गेल्या. दाजी सर्ज्याच्या खुराला लागलं म्हणून घरी राहिले होते. दिवस कलताना मी माझ्या चुलीवर भाकरी थापायला बसले. थप, थप, थप. आणि भिंतीपलीकडून, अगदी कानाशी, "वैजू, हात धू. भाकर निवायलीय."

आधी वाटलं, बाई आल्या. मग ध्यानात आलं की भिंतीपलीकडं चूल नाही, ओसरी आहे. पिठाच्या हातांनी तशीच पळाले.

दाजींना राघूची घरघर बघवली नव्हती. त्यांनी पिंजरा आणून तुळईच्या कडीला टांगला होता. खाली माणिकराव आणि देवळाकडची दोन म्हातारी माणसं. माणिकरावांचं पान तोंडाजवळ येऊन थांबलेलं. दाजी खांबाला धरून उभे. आणि अंगणाच्या दारात, डोक्यावर कापसाचं गाठोडं घेऊन, वच्छलाबाई. पाऊल पुढं नाही, मागं नाही.

"ह्यो आवाज तर वैनीचा," माणिकराव सावकाश म्हणाले. "आन् ह्यो वैजू कोन व?"

राघूला एवढी माणसं कधी मिळाली नव्हती. तो म्हणाला, "वैजू, ये लवकर."

"मीच शिकवलंय त्याला!" मी ओरडले. अंगण ओलांडून पुढं झाले आणि कमरेवर पिठाचे हात ठेवून वच्छलाबाईंच्या आवाजात म्हणाले, "वैजू, हात धू. भाकर निवायलीय. कसं जमलंय? दाजींची खोड काढावी म्हनून महिनाभर घोकून घ्यायलेय त्याच्याकडनं."

माणिकरावांनी मांडीवर थाप मारली. "आरारा! मास्तरीणबाई, तुमच्या मास्तरानं तुमाला कदी छडी दावली न्हाई का?"

"ती तुमच्यासाठी राखून ठिवलीय त्यांनी."

म्हातारी माणसं खोकेपर्यंत हसली. तिघं हसतच उठले, आणि नरसिंहाच्या देवळात दिवा लागेपर्यंत गावभर झालं की मास्तरीणबाईनं वैजीनाथरावाचा राघू बिघडवला.

दाजी मात्र हसले नव्हते. मिशीच्या एकाही टोकानं नाही.

"मास्तरीणबाई," ते म्हणाले, "तुमी गावात कवा आलाव?"

"पोलीस ॲक्शननंतर."

"माझी माय त्येच्या आदीच गेली." त्यांनी वर राघूकडं बघितलं. "आगूदर 'हात धू', मंग भाकर. ह्या चालीत ती एकटीच म्हनायची. तुमी कुनाचं आयकलाव?"

मी हातांवरचं पीठ खरवडायला लागले. माझं खोटं असं फार वेळा पकडलं जात नाही, म्हणून मुद्दाम लिहून ठेवते.

बाईंनी गाठोडं खाली टाकलं होतं. जमिनीकडं बघत त्या म्हणाल्या, "त्या पाखराचा गुन्हा न्हाई. माजं तोंड. मला काय बोलायचं त्ये बोला, पन त्याला रानात सोडू नगा. त्याला उडता येत न्हाई नीट."

दाजींनी पिंजरा कडीवरून काढला. बाईंनी डोळे मिटून घेतले. दाजी अंगणाकडं आलेच नाहीत, ते घरात वळले. चुलीकडंही गेले नाहीत. मधल्या माजघरात थांबले. मी दारातून बघत होते, आता खोटं कशाला सांगू?

माजघराला खिडकी नाही. आमच्याकडच्या माळवदाला, म्हणजे मातीच्या सपाट छताला, उजेडासाठी वरून एक भोक ठेवतात, त्याला साने म्हणतात. दाजी त्या सान्याखाली पिंजरा हातात धरून उभे राहिले. जरा इकडं धरला, जरा तिकडं. पायाच्या अंगठ्यानं जमिनीवर रेघ ओढून म्हणाले, "दुपारचं ऊन हितं पडतंय. मंग पिंजरा ह्या आंगाला. उजेड मिळंल, ऊन लागनार न्हाई. चुलीकडचं दार लोटलं की धूर न्हाई. आन् पाव्हनं-रावळं हितवर येत न्हाईत."

बाई कधी माझ्या मागं येऊन उभ्या राहिल्या कळलं नाही. "सान्यातनं मांजर उतरंल," त्या हळूच म्हणाल्या.

"मोडकी चाळनी हाय का?"

चाळणी निघाली. दाजी त्याच पावली माळवदावर चढले आणि सान्यावर चाळणी ठोकली. मग खाली येऊन पिंजरा टांगला, हलवून बघितला, आणि बाईंकडं न बघता विचारलं, "भाकरीची थाप हितवर आयकू येती का?"

बाईंनी पदर तोंडाला लावला. "येती," त्या म्हणाल्या.

"मंग झालं. करा भाकरी."

जन्मभर ओसरीवर जेवलेले दाजी त्या दिवसापासून माजघरात जेवायला बसतात. माणिकरावांना ते अजून पटलेलं नाही. संक्रांत आली आणि राघूनं ती बघितली. पुढच्याही बघितल्या. घरघर गेली, चोच पुन्हा लाल झाली. गावात अजूनही राघू बिघडवणारी मीच. मी कधी नाही म्हटलं नाही. बाई शेतात अजूनही सर्ज्यालाच हाक मारतात.

आणि माजघरात? ते मला विचारू नका. ओसरीच्या भिंतीला मी पुष्कळदा कान लावून बघितला, पण मधे अख्खी ओसरी आणि आतली एक भिंत. तिकडचं अवाक्षर इकडं येत नाही. शिक्रा, घुशी, धूर, मांजर, पाहुणे, सगळ्यांचा विचार करून दाजींनी ती जागा काढली. मला वाटतं, त्यांनी मलाही त्यातच धरलं होतं.