खळीनं चिकटवलेल्या सह्या

तिला सगळे खळबाई म्हणत. पुस्तकबांधणीच्या कारखान्यात ती चौदाव्या वर्षी लागली, आणि पिठाच्या खळीचा आंबूस वास तिच्या हातांना जो चिकटला तो चिकटलाच. नवरा म्हणे, "तू अंधारातसुद्धा सापडतेस." दुपारी पुस्तकं दाबयंत्रात घालून ठेवली की तिला डुलकी लागे, आणि त्या डुलकीत कागद एकमेकांशी हळूहळू बोलताना ऐकू येत. हे ती कोणाला सांगत नसे. आधीच लोक तिला अर्धवट समजत.

कारण बायकांनाही मतदानाचा हक्क हवा, हे खूळ तिनं डोक्यात घेतलं होतं. दुरुस्त केलेली शाळेची पुस्तकं घरोघर पोचवताना त्याच गठ्ठ्याखालून ती त्या मागणीच्या अर्जाचे कागद सह्यांसाठी काढी. कोपऱ्यावरची लाँड्रीवाली तिची जिवाभावाची मैत्रीण. कपड्यांवर खुणा घालायची काळी शाई तिनंच दिली. "शंभर धुण्यांत जात नाही ही. सह्या पुसल्या म्हणायला कोणाला जागा नको." लाँड्रीवालीची आई तेव्हा अंथरुणाला खिळलेली होती. तिनंही अंगठा उमटवला, आणि शेजारी लेकीनं घरच्या कपड्यांची खूण काढली: तीन टिंबं, एक रेघ.

"जप हं," म्हातारी म्हणाली. खळबाईनं शब्द दिला. पंधरा दिवसांत म्हातारी गेली.

तीन वर्षं चपला झिजवून नऊशे सह्या झाल्या. अर्ज सरकारी कचेरीत गेला, आणि तिथल्या साहेबांनी तो उघडूनही पाहिला नाही. हे खळबाईला कळलं ते असं. नव्या वह्या बांधायला देताना कचेरी जुनी रद्दीही सोबत धाडत असे, पुठ्ठ्याला आणि पाठीला आतून अस्तर लावायला. एका सकाळी तिनं तो गठ्ठा सोडला तर वरच तिचा अर्ज, दोऱ्याची गाठसुद्धा तशीच. कागद घरी न्यायची सोय नव्हती. मालक दारात पिशव्या तपासत. आणि समोर बांधायला पडल्या होत्या मतदार याद्या. सगळ्या पुरुषांच्या.

मग तिनं सरसाचं भांडं बाजूला सारलं आणि खळीचं पुढं ओढलं.

"अगं, पाठीला सरस लाव! खळ पाण्यानं सुटते," मालक ओरडले.

"हो, माहितीये," ती म्हणाली आणि एकेक कागद यादीच्या पाठीत निजवत गेली.

संध्याकाळी लाँड्रीवालीनं अर्जाचं विचारलं. खरं सांगावंसं वाटलं, पण लाँड्रीवालीच्या पोटात काही राहत नाही हे सगळ्या गल्लीला ठाऊक, आणि कचेरीला वास लागला असता तर याद्या फाडून कागद जाळले असते. "सह्या यादीतच आहेत," खळबाई एवढंच म्हणाली.

"आईनं जन्मात एकदा कागदाला अंगठा लावला. तोही तू हरवलास, वर थट्टा करतेस?"

बोलणं तुटलं ते बावीस वर्षं. त्या काळात खळबाईनं आणखी अर्ज लिहिले, कापऱ्या आवाजात भाषणं केली, एकदा अंगावर सडकी फळंही झेलली. पण तिला खरी बोच होती ती कोपऱ्यावरच्या बंद तोंडाची. कपडे ती घरीच इस्त्री करी आणि हमखास करपवी. दुपारच्या डुलकीत मात्र कचेरीची कपाटं दिसत. पुरुषांच्या नावांमागं अंधारात नऊशे बाया कुशी बदलत असत. "उजाडलं का गं?" त्या विचारत.

शेवटी कायदा झाला. नव्या याद्या बांधायला आल्या आणि जुन्या रद्दीत. आता कारखान्यात खळबाईचाच शब्द चाले. मतदानाच्या आदल्या दुपारी तिनं जुन्या याद्या हातगाडीवर घातल्या आणि लाँड्रीच्या फळीवर नेऊन ठेवल्या.

"कोमट पाणी हवंय. पसरट टबात."

लाँड्रीवालीनं तोंड फिरवलं, पण टब भरला. याद्यांच्या पाठी पाण्यात उतरल्या. खळ दुधासारखी पसरली, आणि कागद एकामागून एक सुटून वर आले. शाईचा एक थेंबही फुटला नव्हता. लाँड्रीवालीनं बाह्या सरसावल्या. ओलं काही न फाडता उचलावं ते तिनंच. कपड्यांच्या दोरीवर ती एकेक कागद वाळत घालू लागली. लिहिता-वाचता येत नव्हतं तिला. अठ्ठाविसाव्या कागदाशी मात्र तिचा हात थांबला. तीन टिंबं, एक रेघ. शेजारी अंगठा.

तिनं आपला अंगठा त्यावर ठेवला आणि हमसून हमसून रडली. वाऱ्यावर नऊशे बाया हलत होत्या.

"उद्या सकाळी लवकर ये," डोळे पुसत लाँड्रीवाली म्हणाली. "असले करपलेले कपडे घालून माझ्याबरोबर मत द्यायला यायचं नाही."